लाल म्हणजे आधी

माझ्या धाकट्या जावेला आत्या धारला घेऊन जाणार होती आणि सासूबाई तिला सोडणार नव्हत्या. त्या वर्षी संक्रांतीच्या आधीपासून आमच्या देवासच्या घरात हे एकच भांडण शिजत होतं. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची सख्खी बहीण, फौजेतून निवृत्त झालेली नर्स, वय पंच्याहत्तरच्या पुढे, आवाज मात्र अजून परेडवरचा. आपल्यामागे काम चालवायला तिला कुणीतरी हवं होतं आणि तिची नजर माझ्या जावेवर बसली होती. जाऊ विधवा. झालं, तिथंच सगळं अडलं.

आधी आत्याचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

धारच्या आमच्या लोकांत नर्स व्हायला निघालेली ती पहिली मुलगी. घराणं जुन्या दरबारात कारकुनी केलेलं, त्यामुळे डब्यात पीठ नसलं तरी ताठा शिल्लक होता. "परक्या पुरुषांची घाण काढणार?" म्हणत आजोबांनी तिला कमरेच्या पट्ट्यानं मारलं. बकलाच्या बाजूनं. आजी मध्ये पडली तर एक फटका तिच्या मनगटावर बसला. पाठीवरचे वळ घेऊन आत्या दुसऱ्या दिवशी इंदूरच्या बसमध्ये बसली आणि परत आली ती फौजेची होऊनच. पुढं आजोबा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांची घाण तिनंच काढली, आणि काढताना विचारायची, "बाबा, तुम्ही काही परके नाही, म्हणजे चालेल ना?" अशी बाई!

बांगलादेशच्या लढाईत ती सरहद्दीजवळच्या तंबूतल्या दवाखान्यात होती. तिथल्या गोष्टी ती आम्हां पोरांना जेवताना सांगायची, आणि ताटावरून उठायची सोय नसे. ट्रक यायचा, मागचं फळकूट खाली पडलं की आधी रक्त उतरायचं, मग माणसं. टेबल एक, सर्जन एक आणि बाहेर मैदानभर माणसं. टेबलावर कुणी आधी जायचं ते ठरवायचं काम तिच्याकडे. जांभळ्या औषधात बोट बुडवून ती कपाळावर खुणा करत जायची. "ओरडणारा जगतो गं," ती सांगायची. "ओरडायला श्वास आहे त्याला, तो थांबेल. गप्प बसलाय त्याच्याकडे आधी जायचं." एकाला तिनं खूण केली नाही, कारण त्याच्या पोटात काही उरलंच नव्हतं. तो शुद्धीवर होता. त्यानं विचारलं, सिस्टर, माझ्या कपाळावर का नाही? तिनं त्याला काय उत्तर दिलं ते तिनं कधीच सांगितलं नाही. गोष्ट तिथपर्यंत आली की ताकाची वाटी तोंडाला लावायची.

फौज सुटल्यावर ती धारला आली ती काही माळ ओढायला नाही. एक खटारा जीप घेतली आणि तिरल्याच्या बाजूच्या भिल्लांच्या गावांतून फिरायला लागली. विंचू, साप, बाळंतिणी, दारूच्या नशेत फुटलेली डोकी. आणि तीर.

एका सुट्टीत मी आणि जाऊ मांडू बघायचं म्हणून तिच्याकडे गेलो होतो. मांडू राहिलं बाजूला. सकाळीच निरोप आला आणि आत्यानं आम्हा दोघींना जीपमध्ये कोंबलं. शेताच्या बांधावरून दोन चुलतभावांचं वाजलं होतं. एकाच्या गळ्याच्या हाडाखाली तीर घुसलेला आणि त्याचा सख्खा भाऊ त्याच्या छातीवर पाय देऊन, दोन्ही हातांनी तीर उपटायच्या बेतात. आत्यानं जाऊन त्या भावाच्या थोबाडीत अशी मारली की तो मागं बसलाच. त्याच्या कमरेला धारदार फालिया होता, तो त्यानं उपसला. मी जीपच्या मागं, देवाचं नाव घेत. आत्या त्याच्या पात्यासमोर उभी राहून म्हणते कशी, "काँटे उल्टे होते हैं इसके. खींचेगा तो फेफड़ा बाहर आएगा. मुझे बाद में काट लेना, पहले इसको गाड़ी में रख."

त्याला उचललं. पण जीप हलली की तीर हलायचा आणि तीर हलला की तो गुरासारखा ओरडायचा. तेव्हा माझी जाऊ, घरात कप फुटला तरी दचकणारी, त्याच्या उशाशी बसली आणि तिनं दोन्ही मुठींत तो तीर धरला. धारपर्यंतचा खडबडीत रस्ता, तिच्या मांडीवर रक्ताचं थारोळं, साडी पायाला चिकटलेली, पण मुठी हलल्या नाहीत. तो माणूस जगला. आत्या हात धुताना मला म्हणाली, "ही माझी. हिला मी नेणार."

शहरातल्या लोकांना वाटतं, तीर मारणारे ते रानटी. आमच्या कॉलनीतल्या बी.कॉम. झालेल्या पोरांनी पुढं काय केलं ते ऐका, मग बोला.

जाऊ खातेगांवकडची, साध्या घरातली. माझा दीर ए.बी. रोडवर ट्रकखाली गेला तेव्हा तिच्या हातावरची मेंदी जेमतेम उतरली होती. मूल नाही. तेव्हापासून फिकी साडी, मोकळं कपाळ आणि स्वयंपाकघर. सासूबाईंनी तिचा छळ केला असं म्हणाल तर मी भांडेन. तिच्या पोळीवर तूप जास्त, थंडीत तिच्या खोलीत शेगडी आधी. ती तापानं फणफणली तर सासूबाई रात्ररात्र जागायच्या. पण नियम म्हणजे नियम. मंगळागौर असो, डोहाळजेवण असो, ती आत. मी शाळेत मास्तरीण, माझं तोंड काही गप्प बसत नाही. मी म्हणायची, "आई, पुण्या-मुंबईकडे आता सगळ्यांना कुंकू लावतात." त्या म्हणायच्या, "लावू देत. आपण पुण्याचे नाही." संपलं.

आणि जाऊबाई स्वतः? ती काहीच म्हणायची नाही. तिला विचारलं तर "आई म्हणतील तसं." मी वैतागून म्हणायची, अगं, दगडाला तरी पाझर फुटतो, तुला शब्द फुटत नाही! ती हसायची. पण आत्याचा फोन आला की गॅस बंद करून, दोन्ही हातांनी फोन धरून ऐकायची. पट्टी कशी बांधायची, नाडी कशी बघायची, पोट दाबून काय कळतं. तिला जायचं होतं. हे घरात सगळ्यांना दिसत होतं, सासूबाईंनाही.

त्या वर्षी समाजाच्या सभागृहातलं हळदीकुंकू सासूबाईंच्या यजमानपणात होतं. आत्या मुद्दाम धारहून आली, भांडणाचा निकाल लावायलाच. पहिल्या खुर्चीवर बसून म्हणाली, "मी कुमारिका. आधी मला लावा." बायका हसून लोटपोट. सासूबाईंनीही हसून लावलं. मग आत्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आणि आत उसळ परततेय तिलाही बोलवा की, विहीणबाई."

सासूबाईंच्या हातात चांदीचं पंचपाळं होतं, त्याच्या वाट्या किणकिणल्या. "विहीणबाई," त्या म्हणाल्या, "प्रत्येक घराचं काही असतं."

"असतं ना. ती उद्या माझ्याबरोबर धारला येतेय. तिथं माझ्या घराचं काही असेल."

"माझी सून कुठं जाणार ते मी ठरवीन."

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. आत जाऊ झाऱ्यानं हरभरे हलवत होती आणि तिचे कान लाल झाले होते. याच्या पुढं काय झालं असतं कोण जाणे. पण बाहेर डीजे सुरू झाला आणि भिंतीवरच्या तसबिरी थरथरायला लागल्या.

सभागृहासमोर चौक आहे. एका बाजूनं बरात आली, घोडीवर नवरदेव, पुढं तलवारी घेऊन नाचणारी पोरं. समोरून नव्या पार्षदाची, म्हणजे नगरसेवकाची, विजयाची मिरवणूक, तीही डीजे घेऊन. दोन्ही गाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या. "भिया, पीछे ले." "तू ले पीछे." एवढंच. खरंच एवढंच! पेपरात नंतर 'दो गुटों में विवाद' छापून आलं, जसा काही मोठा सिद्धान्ताचा वाद होता. दोन्हीकडची अर्धी पोरं मी शिकवलेली, एका बाकावर बसलेली.

आधी बाटली आली. मग शेजारच्या बांधकामाच्या विटा. मग नाचायच्या तलवारी नाचायच्या राहिल्या नाहीत. नवरदेवाच्या मामानं हात वर केला तो थांबा म्हणायला, आणि त्याचा खांदा उघडला, आतलं हाड मला खिडकीतून दिसलं. घोडी उधळली. नवरदेव खाली आणि घोडी बँडवाल्या म्हाताऱ्याच्या अंगावरून. त्याचा ढोल फुटला आणि त्याबरोबर बरगड्या. कुणीतरी मोटरसायकल पेटवली. एका पोराच्या तोंडावर ट्यूबलाइट फोडली, तो डोळ्यांतल्या काचा बोटांनी काढायला बघत होता. आणि डीजे चालूच, तेच नाचायचं गाणं!

बायका किंचाळत फाटक लावायला धावल्या. आत्या त्यांच्या आधी पोचली. "लावू नका. उघडा. सगळं उघडा."

"मारतील आपल्याला!" कुणीतरी ओरडलं.

"मारतील तर मारतील. सतरंज्या झटका आणि कडेला व्हा."

ती बाहेर गेली. आणि तिच्या मागून पदर खोचून माझी जाऊ. कुणाला विचारलं नाही, सासूबाईंकडे बघितलं नाही. मीही गेले, लाजेकाजेस्तव म्हणा. नवरदेवाची बहीण, कोवळी पोरगी, जरीचा घागरा घालून आलेली, फुटपाथवर पडली होती. मानेत काच आणि तिथून रक्त उडत होतं. जावेनं जखमेवर हात दाबला आणि तिला काखेत धरून ओढायला लागली. तेवढ्यात लोखंडी पाइप घेतलेला एक जण दुसऱ्यावर धावला. दुसरा खाली वाकला. पाइप जावेच्या डाव्या कुशीत बसला. मी तो आवाज ऐकला, गादी झोडपल्यासारखा. मारणाऱ्यानं माझ्याकडे बघितलं. आठवीत माझ्याकडे होता मेला. "मैडम, सॉरी," म्हणाला आणि पळाला. सॉरी म्हणे!

"लागलं का गं?" मी ओरडले.

"काही नाही ताई. तिचे पाय धरा." तिनं त्या पोरीला आत आणलंच.

थोड्या वेळात सभागृहाच्या सतरंज्यांवर माणसंच माणसं. वाणाच्या प्लास्टिकच्या डब्या पायाखाली फुटत होत्या. ओटीचे तांदूळ रक्तात भिजून पायाला चिकटत होते. ॲम्ब्युलन्सचा फोन लागला, पण चौकात टायर जळत होते, ती आत येईना. मग आत्यानं वरातीच्या डीजेवाल्याची कॉलर धरली. ज्या डीजेपायी डोकी फुटली त्याचीच गाडी. पोरांनी स्पीकर खाली ढकलले, मागचा हौदा मोकळा झाला. पण त्यात आडवी माणसं किती मावणार? आणि प्रत्येकाचा नातेवाईक आपल्याच माणसाला आधी चढवायला गुद्दागुद्दी करत होता.

आत्या सासूबाईंसमोर उभी राहिली. "विहीणबाई, पंचपाळं घ्या आणि माझ्याबरोबर चला."

सासूबाईंना कळेना. पण त्या चालल्या. आत्या एकेका माणसाशी वाकायची, मनगट धरायची, डोळ्याची पापणी ओढायची, आणि पंचपाळ्यात बोट बुडवून कपाळावर ओढायची. पोरांना तिनं एकदाच सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "लाल पहले. पीला दूसरे फेरे में. जिसका माथा कोरा, उसको छोड़ दो, वो या तो चल सकता है या गया. मेरे निशान को कोई हाथ नहीं लगाएगा." मामाला कुंकू. बँडवाल्या म्हाताऱ्याला कुंकू. करवलीला कुंकू. मांडी फाटलेल्या एका पैलवानाला हळद लावली तर तो बोंबलायला लागला, "मेरे को पीला क्यों?" मी त्याच्या मांडीवर दाबून बसले होते. "कारण तू ओरडतोयस, बाबा," म्हटलं. दाराजवळच्या एका तरुण पोराला काहीच लावलं नाही. त्याची आई त्याचं कपाळ पुढं करत होती. आत्या तिच्या डोक्यावर हात ठेवून पुढं गेली.

जाऊ स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकून बसली होती, एका म्हाताऱ्याच्या डोक्याला पट्टी बांधत. आत्या तिच्यावरून पुढं गेली आणि थबकली. मागं आली. जावेचा चेहरा पांढराफटक, ओठांवर घाम. आत्यानं तिचं मनगट धरलं, डाव्या कुशीवर हात ठेवून दाबलं, आणि जाऊ कळवळली. आत्यानं पंचपाळ्यात बोट बुडवलं. जाऊबाईच्या कपाळावर कुंकू लावलं, ठसठशीत. "तू आता उठायचं नाहीस. पहिली गाडी," म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे वळली. मी एवढंच बघितलं. पैलवानाची मांडी पुन्हा उसळली आणि मी तिकडं वाकले.

गाडी भरली. हॉर्न वाजवत गेली. सभागृहात जरा मोकळं झालं आणि मी मान वर केली तर जाऊ तिथंच, भिंतीला टेकून.

आत्यानं माझ्याआधी बघितलं. तिचा तसा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. "हिला लाल केलं होतं मी! कुणी पुसलं?"

जावेचं कपाळ स्वच्छ. पदराच्या टोकाला तांबडा डाग. बसलेली, डोळे उघडे, कपाळ कोरं. उचलणाऱ्या पोरांना वाटलं ही चालू शकते. त्यांचं काय चुकलं? आत्यानं तिच्या पोटावर हात ठेवला आणि तिचा चेहराच उतरला. ती रस्त्यावर धावत गेली, गाडी परत बोलवायला. सासूबाई पंचपाळं छातीशी धरून खांबाला टेकून उभ्या होत्या.

गाडी परत यायला लागला तो वेळ मी मोजला नाही, मोजला असता तर वेडी झाले असते. आली तेव्हा पुढची काच नव्हती. जावेला हौद्यात घेतलं, तिचं डोकं माझ्या मांडीवर. आत्या मागं राहिली, तिला तिथली माणसं टाकून येता येईना; फौजेनं तिला तेच शिकवलं होतं. आम्ही मागच्या गल्लीतून निघालो. वरून कुणाच्या तरी गच्चीवरून विटा येत होत्या, का ते देव जाणे. मी तिच्या अंगावर ओणवी झाले. एक माझ्या पाठीत बसली.

"ताई," ती खालून म्हणाली.

"बोलू नकोस."

"आई बघत होत्या. माझ्या कपाळाकडे. आत्या पुढं गेल्या तरी त्या तिथंच उभ्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

"अगं वेडे, त्याचा अर्थ ठाऊक होता ना तुला? पहिली गाडी!"

"ठाऊक होतं." तिनं पदराचं डागाळलेलं टोक मुठीत धरलं. "हात आपोआप गेला ताई. आत्यांना सांगू नका, रागावतील."

मी तिला शिव्या दिल्या. खरंच, तिचे गाल थोपटत, रडत, शिव्या दिल्या. तिचे हात गार पडत होते. मला त्या क्षणी सासूबाईंचा असा संताप आला होता की त्या समोर असत्या तर मी हात उचलला असता. आहे हे असं आहे.

हॉस्पिटलच्या फाटकावर पुन्हा तेच दोन गट. आपापली माणसं आत घुसवायची म्हणून एकमेकांच्या स्ट्रेचरवर लाथा घालत होते. मी चप्पल काढली आणि दिसेल त्याच्या तोंडावर मारत वाट काढली. "मैडम है, मैडम को जाने दो," कुणीतरी म्हणालं. आतल्या लोकांनी आपलं काम केलं, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पोट रक्तानं भरलं होतं. टेबलावर घेतलं तेव्हा उशीर झाला होता.

आत्या आली तेव्हा सगळं संपलं होतं. तिनं चादर बाजूला केली, जावेचे दोन्ही हात उचलून बघितले आणि पुन्हा नीट ठेवले. मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

"पहिल्या गाडीत असती तर जगली असती," आत्या म्हणाली.

दाराजवळचा तो पोरगाही गेला. बाकी सगळे जगले. मामा, बँडवाला, पैलवान तर लंगडत पुन्हा पार्षदाच्या गाडीवर. करवलीही जगली. आणि तिथूनच ती गोष्ट निघाली. उचलणाऱ्या पोरांपैकी एकानं जावेला स्वतःच्या हातानं कुंकू पुसताना बघितलं होतं. करवली तिच्या शेजारीच पडलेली. झालं! बाईनं आपली जागा त्या पोरीला दिली. दुसऱ्या दिवशी गल्लीत, तिसऱ्या दिवशी पेपरात. पोरीची आई येऊन सासूबाईंच्या पायांवर पडली, "आपकी बहू देवी थी." ज्या पार्षदाच्या मिरवणुकीनं डोकी फोडली, त्यानं जाहीर केलं, स्वर्गवासी बहनजींच्या नावानं चौक करणार. निर्लज्ज! मला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. मी आत्याला म्हटलं, "तू तरी सांग सगळ्यांना खरं." तिला मी सगळं सांगितलं होतं, जावेचा शब्द मोडून.

आत्या म्हणाली, "राहू दे. मारामारी झाली की लोकांना अशी एक गोष्ट लागते. मी पुष्कळ ऐकल्यात." ती धारला एकटी परत गेली. जाताना जीपमध्ये बसली आणि बराच वेळ चावीच फिरवेना.

सासूबाई ती गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. जागा दिली हो माझ्या सुनेनं, असं करारी होतं पोर. सांगताना मान ताठ. मी भांडी आपटायची, पण गप्प. तेराव्याची माणसं गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघीच स्वयंपाकघरात होतो. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तू होतीस ना गाडीत तिच्याजवळ. तिनं खरंच जागा दिली?"

हो म्हटलं असतं तर काय बिघडत होतं? म्हातारी सुखानं जगली असती. पण माझ्या पोटात आग होती, आणि मला ती विझवायची नव्हती.

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही बघत होतात. तिच्या कपाळाकडे. म्हणून तिनं पुसलं. तिनंच सांगितलं मला."

त्यांचा हात ताटात थांबला. मला वाटलं त्या रडतील, किंवा मला घराबाहेर हो म्हणतील. मी दोन्हीला तयार होते.

"बघत होते," त्या म्हणाल्या. "बघत होते खरी. अगं, लग्नात मी लावलं होतं तिला, माझा पोरगा गेल्यावर ते तिथंच दिसलं. इतकी गोड दिसत होती पोर, त्या सगळ्या रक्तात. माझी नजरच हलेना." ताटातले तांदूळ त्या बोटानं इकडचे तिकडं करत राहिल्या. "मी म्हणणार होते, राहू दे गं. पुसू नकोस, राहू दे. ओठांवर आलं होतं. आणि तिनं पदर उचलला."